दापोडीची बाग आणि सागवानाचा हिशोब

शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून सागवान, चिंचवडच्या खाणींतून दगड आणि जेजुरीहून चुना आणला गेला, हे पुण्याच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. १८२८ च्या फेब्रुवारीत हा सागवानी वाडा आठवडाभर जळत राहिला; आणि त्याच वर्षी मुळा-पवनेच्या संगमावरील दापोडीला, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सरकारी वनस्पतिउद्यान सुरू केले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ज्या माणसाच्या हाती पुढे संपूर्ण इलाख्यातील सागाची जंगले आली, तो याच बागेचा अधीक्षक होता.

सागाची थोरवी त्याच्या गाभ्यात आहे. खोड आडवे कापले की कडेला फिकट पांढरट कडे दिसते, ते रसकाष्ठ, म्हणजे झाड जिवंत असताना पाणी वाहून नेणारा भाग. त्याच्या आत सोनेरी तपकिरी अंतःकाष्ठ असते आणि टिकाऊपणा फक्त त्यालाच असतो. या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात व त्यांत टेक्टोक्विनोन नावाचे संयुग असते, ज्यामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. वाळताना लाकूड फार आकसत नाही, म्हणून दरवाजा पावसाळ्यात अडकत नाही आणि उन्हाळ्यात त्याला फटी पडत नाहीत. सुताराला मात्र या गुणांची किंमत मोजावी लागते, कारण लाकडात वाळूच्याच जातीची सिलिका असते आणि ती पटाशीची धार पाहता पाहता मारते. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे लालभडक होतात. झाडाची ओळख पटवण्याची ही खूण रानात वावरणारे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

जहाजबांधणीत आणखी एक गुण निर्णायक ठरला. इंग्लंडच्या ओक लाकडातील आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात, सागात तसे घडत नाही. त्यामुळे मुंबई गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी बांधलेल्या सागवानी जहाजांना ब्रिटिश आरमारातही मागणी आली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले आणि त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, खडकीच्या लढाईत, दापोडीच्या छावणीतून निघालेली कॅप्टन फोर्डची पलटण पेशव्यांविरुद्ध उभी राहिली. पेशवाई बुडाली आणि सह्याद्रीतील जंगलेही ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. गोदीला लाकूड हवे होते, पण तोडीवर लक्ष ठेवणारी कायमची व्यवस्था नव्हती. मलबारात १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांच्यासाठी निर्माण केलेले वनसंरक्षकाचे पद लोकांच्या तक्रारींनंतर मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२३ मध्ये रद्दही करून टाकले होते.

अशा पार्श्वभूमीवर १८३८ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन बागेचे अधीक्षक म्हणून दापोडीला आले. १८०० साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे कंपनीचे शल्यवैद्य दख्खन आणि खानदेशात देवीच्या लशी टोचत गावोगाव हिंडले होते आणि त्यांना मराठी चांगली अवगत होती. दापोडीच्या बागेत त्यांनी सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पतींची लागवड केली. कोकणातील डोंगर उघडे पडल्यावर पूर्वी वाहणारे ओढे आटू लागले, हे त्यांनी हिंडताना टिपले आणि झाड व पाणी यांचा संबंध सरकारपुढे पुन:पुन्हा मांडला. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि १८६० पर्यंत त्या पदावर राहिले. निकोल डालझेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा इलाख्यातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद करणारा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला.

या काळाचा सर्वांत बोलका अवशेष एडिनबर्गच्या शाही वनस्पतिउद्यानात जपलेला आहे. १८४७ ते १८५० च्या सुमारास गिब्सन यांनी दापोडीत करवून घेतलेली दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रे तेथे ‘दापुरी चित्रे’ या नावाने ओळखली जातात आणि हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रे करवून घेणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि पत्रव्यवहार शिल्लक आहे. ज्याच्या कुंचल्यातून ती उतरली, त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. हे केवळ विस्मरण नव्हे. ज्यांच्या हातांवर आणि ज्यांच्या रानावर ही सारी विद्या उभी राहिली, त्यांना हिशोबात न धरण्याची ती रीतच होती आणि पुढे वनखात्याच्या कारभारातही तीच दिसते.

१८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी गायरान व जळण यांवरील गावांचे हक्क आवळले. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर फांद्या, पाला व शेण पसरून जाळणे, म्हणजे राब करणे, हा मावळ-कोकणातील शेतकऱ्याचा जुना परिपाठ. त्यासाठी फांद्या तोडण्यावरील बंधनांवरून इतका असंतोष माजला की सरकारला वन आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्याआधीच महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गुरांची चराई बंद केल्याचे गाऱ्हाणे रोखठोक मांडले होते. गिब्सन यांचे पाण्याविषयीचे निदान बरोबर होते, परंतु त्यावर उभारलेला उपाय अन्यायाचा होता, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

दुसरा उपाय या भूमीत अपरिचित नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी साग वगैरे लाकूड राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावे, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावे, पण रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंबा-फणसाला हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते तोडावे, असे सांगितले आहे. लाकडाची गरज आणि झाडाच्या धन्याचा हक्क या दोहोंना एकाच आज्ञेत बसवणारा हा विचार वनकायद्यांच्या दीडशे वर्षे आधीचा आहे.

आज चाकणच्या कारखान्यांतून निर्यातीला निघणारे सुटे भाग पाइनसारख्या मऊ लाकडाच्या खोक्यांत आणि पॅलेटवर बसतात. आतील कीड मरावी म्हणून हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवले जाते आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का उमटतो. सागाला वाळवीपासूनचे जे अभय जन्मतः लाभते, त्याची थोडीशी उसनवारी येथे भट्टीत करावी लागते. याच पट्ट्यातील शहरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण या नियमामागे तीन शतकांचा विचार आणि वाद उभा आहे, हे तेथील रहिवाशांना सांगणारे काही नाही. महापालिकेने दापोडीच्या संगमावर एक फलक उभारावा, त्यावर गिब्सन यांच्या नावासोबत त्या अनाम चित्रकाराचीही नोंद करावी, आणि खाली आज्ञापत्रातील तो नियम सोप्या मराठीत लिहावा. मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर उभे आहे. ज्या संगमावर सागवानाच्या राखणीचा विचार झाला, तेथे निदान एवढी खूण तरी असलीच पाहिजे.