फोडणीचा क्रम

व्याख्यानमालेत फोडणीसारखा विषय यावा याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु ज्या क्रियेवर घरातील जेवणाची चव दिवसातून दोनदा ठरते, तिच्यामागील कारणे समजून घेणे हा वेळेचा अपव्यय खचित नव्हे. आपल्या गृहिणी ही क्रिया सवयीने करतात. त्या सवयीत किती शास्त्र साठलेले आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम प्रश्न असा की, मोहरी, हिंग, हळद ही मंडळी वरणात नुसती टाकली तर काय बिघडले? बिघडते ते असे की, मसाल्याचा वास ज्या द्रव्यांत असतो, ती द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत; तेलातुपात विरघळतात. हळदीच्या रंगाचीही गोष्ट तीच. शिवाय पाणी 100 अंशांवर उकळू लागले की त्यापुढे तापत नाही. तेल मात्र त्याहून पुष्कळ अधिक तापते. म्हणून पळीभर तेल चिमूटभर मसाल्याचा वास ओढून घेते आणि पातेलेभर वरणात पोहोचवते. तेल हे येथे वाहन होय.

आता क्रम पाहू. मोहरीचा दाणा टणक. तेल पुरते तापलेले असले, तरच त्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा तडतडतो. तेल कोमट असताना मोहरी टाकली तर ती कच्ची राहते. तडतड ओसरू लागली की जिरे, मग हिंग, मग कढीपत्ता. हळद आणि तिखट अगदी शेवटी, आच मंद करून. कारण ती पूड आहे, क्षणात करपते. तिच्यामागोमाग भाजी अथवा पाणी पडले की उष्णता एकदम उतरते आणि हळद वाचते. जो जिन्नस उष्णता अधिक सोसतो तो आधी, जो कमी सोसतो तो नंतर, हाच सगळ्या क्रमाचा अर्थ.

मोहरीची आणखी एक गंमत आहे. लोणच्यासाठी ती पाण्यात फेसली की तिचा झणका नाकात जातो. फोडणीत मात्र तीच मोहरी सौम्य, खमंग लागते. असे का? दाण्यात दोन द्रव्ये वेगवेगळी असतात. दाणा भरडून पाणी लागले की ती एकत्र येतात आणि झणका उत्पन्न होतो. परंतु हे घडवून आणणारे विकर तापलेल्या तेलात नष्ट होते. एकाच दाण्याला दोन चवी आहेत; कोणती हवी ते आपण ठरवावयाचे.

हिंगाचे याहून उलट. कच्च्या हिंगाचा दर्प सोसवत नाही. गरम तेलात तो मऊ होऊन कांदालसणाच्या वळणावर जातो. म्हणून कांदालसूण वर्ज्य असलेल्या घरांत हिंगाला मान. शुद्ध हिंग फार उग्र असल्यामुळे बाजारात तो बहुधा पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला मिळतो. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो शतकानुशतके इराण-अफगाणिस्तानकडून येत राहिला. पालमपूरच्या शास्त्रीय संस्थेने 2020 साली हिमाचलातील लाहौल खोऱ्यात त्याची रोपे लावली, हा आपल्याकडील लागवडीचा आरंभ.

हे सारे जाणून लाभ कोणता, असे कोणी विचारील. लाभ आरोग्याचा आहे. फोडणी करपली किंवा मसाला शिळा होऊन निर्गंध झाला, की भाजी पाणचट लागते. मग हात मिठाकडे आणि तिखटाकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे, पापड, चटणी यांच्यासह ही मर्यादा सांभाळणे सोपे नाही, आणि अधिक मीठ म्हणजे रक्तदाबाला आमंत्रण. ज्या आमटीत फोडणीचा वास ताजा आहे आणि आमसुलाचा आंबटपणा आहे, तिला मीठ थोडे कमी असले तरी जिभेची तक्रार नसते.

यासाठी खर्च करावा लागत नाही. धणे-जिरे अख्खे आणावेत आणि लागेल तशी थोडी पूड करावी. कारण दळलेल्या मसाल्याचा वास लवकर उडतो. मिसळणाचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि चुलीच्या धगीपासून दूर ठेवावा. आपण तो सोयीसाठी नेमका शेगडीशेजारी ठेवतो! साधी मुगाची डाळ, लाल भोपळा, अंबाडी यांसारखे स्वस्त आणि पौष्टिक अन्न घरातल्या मुलांनी आवडीने खावे, असे वाटत असेल, तर त्याचा उपाय महागड्या पुड्यांत नाही. तो पळीभर तेलात आणि योग्य क्रमात आहे.