बोगद्यातलं पाणी आणि मुठीएवढं भोक

माझा भाचा दोस्तांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, नशीब फासे ठरवतात. एकदा भाच्यानं बोगद्यात पाणी सोडलं आणि सरळ सांगितलं, ‘‘सगळे बुडालात!’’ एका दोस्तानं दोन वर्षं जपलेलं पात्र गेलं. तो रुसला, खेळायला येईना.

‘‘मामू, पाण्यात माणूस बुडणारच ना?’’

‘‘बुडेल रे, पण किती वेळानं?’’

मी बी. ए. झालेला कवी. तरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बोगदा २० मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर उंच. म्हणजे ८० हजार लिटर पाणी हवं. टाकीतलं पाणी ५ मीटर उंच आणि तळाशी एक फुटाचं चौकोनी दार धरलं, तर सेकंदाला सुमारे ५०० लिटर येतं. चाळीस सेकंदांत गुडघाभर, ऐंशीत कमरेपर्यंत. खेळातली फेरी ६ सेकंदांची. म्हणजे छताला पाणी लागेपर्यंत पंचवीसेक फेऱ्या मिळतात.

पण दार उघडायचं तर लगेच. मीटरभर रुंदीच्या दारावर गुडघाभर पाण्याचा रेटा सव्वाशे किलोंचा, कमरेएवढ्याचा ५०० किलोंचा, छतापर्यंतच्या पाण्याचा २ टनांचा. उंची दुप्पट, रेटा चौपट.

आता खरी गंमत. बोगदा हवाबंद असेल तर तो भरतच नाही! कोंडलेली हवा दाबली जाते आणि गुडघ्याच्या जरा वर पाणी थांबतं. म्हणून सापळा बांधणाऱ्याला छतात हवेसाठी भोक ठेवावंच लागतं. मुठीएवढ्या भोकातून हवा शिट्टी वाजवत सुटते. ती ज्यानं ऐकली, त्याला वाट सापडली. कमरेएवढ्या पाण्यात भोक बुजवलं, तर छातीपाशी पाणी थांबेल. कानांना दडे बसतील, हात भरून येतील, पण श्वास चालू राहील.

भाच्यानं बोगदा नव्यानं आखला आणि आधी दोस्ताला फोन केला. ‘‘चूक माझी होती. तुझं पात्र परत घे आणि ये.’’

तो आला. खेळात पाणी मांडीपर्यंत चढलं तेव्हा त्यानंच विचारलं, ‘‘ही शिट्टी कुठून येतेय?’’

छताला ढाल लावून दोघांनी आळीपाळीनं रेटून धरली. मी चहा ठेवायला उठलो.