हनुवटीला बांधलेली जीभ

चिखलदऱ्याला देवी पॉइंटच्या वाटेवर वानरं भेटली, तर एकदा त्यांच्या तोंडाकडे बाजूनं नीट बघा. खालचे दात संपले की जबडा थेट गळ्याकडे उतरतो. हनुवटी नाहीच! चिंपांझीलाही ती नाही, आपले जुने भाऊबंद निअँडरथल यांनाही नव्हती. आपल्यालाच का आली, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. भांडू द्या. आपण तिच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघू.

हनुवटीच्या खालच्या मऊ भागावर बोट ठेवा आणि जीभ जोरात बाहेर काढा. (घरात पाहुणे नाहीत ना, ते आधी बघा!) बोटाखाली काहीतरी ताठ झालं? ते जिभेशी जोडलेले स्नायू. जिभेला पुढे ओढणारा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो. म्हणजे हनुवटी हा खुंटा आणि जीभ हा त्याला बांधलेला बैल. खुंटा मागे असेल तर बैलही मागे सरकतो आणि वाट अडवतो. ही वाट म्हणजे जिभेमागचा श्वासाचा मार्ग.

दिवसा हे स्नायू जीभ सावरून धरतात. झोपेत ते सैल पडतात आणि घोरणं सुरू होतं. कुणाकुणाचा श्वास तर मध्येच काही सेकंद थांबतो. अशा माणसाची झोप रात्रभर मोडत राहते, मग तो दिवसा पेंगतो. बेशुद्ध माणसाची हनुवटी वर उचलून डोकं मागे करायला प्रथमोपचारात शिकवतात, तेही जीभ वाटेतून हटावी म्हणूनच.

मग डॉक्टर खुंटाच पुढे सरकवतात! खालच्या ओठाच्या आतून चीर देतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण दिसत नाही. दातांच्या मुळांखाली हाड आडवं कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीनं व स्क्रूनं पक्कं करतात. झुरिचचे ह्यूगो ओबवेगेसर यांनी १९५७ मध्ये ही तोंडातून करायची पद्धत मांडली. चेहरा बाजूनं वेगळाच दिसू लागतो. खालचा ओठ मात्र काही काळ बधिर राहू शकतो. आणि प्रत्येक घोरण्यावर हा उपाय नाही बरं. टॉन्सिल सुजले असतील तर हनुवटीचा काय दोष? फोटोत छान दिसावं म्हणून वाढत्या वयात सहसा कुणी ही शस्त्रक्रिया करत नाही.

पण काही मुलांना जबड्याच्या शस्त्रक्रियेची खरीच गरज पडते. सायकलवरून किंवा झाडावरून पोट्टं हनुवटीवर आपटतं. टाके पडतात, जखम भरते. पण धक्का जातो थेट कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात. कधी तिथलं हाड मोडतं, सांधा जुळून बसतो आणि तोंड उघडेनासं होतं. जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, तिच्यामागे जीभही. मग हे पोट्टं आजोबांसारखं घोरतं!

अशा वेळी जुळलेला सांधा मोकळा करतात. गरज पडली तर जबड्याचं हाड कापून त्यावर एक छोटं यंत्र बसवतात आणि त्याचा स्क्रू रोज फिरवतात. दिवसाला साधारण १ मिलिमीटर! फटीत नवं हाड तयार होत जातं. सायबेरियातले डॉक्टर इलिझारोव्ह पाय असे लांबवत. जबड्यासाठी ही युक्ती वापरल्याचं न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. सांधा मोकळा झाल्यावर मुलाला महिनोन्‌महिने तोंड उघडायचा व्यायाम करावा लागतो, नाहीतर सांधा पुन्हा जुळू शकतो.

तर लेकहो, हनुवटीवर पडलात आणि तोंड नीट उघडेना, किंवा उघडताना एका बाजूला वळायला लागलं, तर घरी लगेच सांगा. झाडावर का चढला होता, म्हणून बोलणी बसतील. बसू द्या.