आग्नेयेला, थोडं वर

‘‘ताई, आमची डिश फिरलीया. टीव्हीवर नुसतं ‘नो सिग्नल’ येतंय. आन् पोरीची शाळा सोमवारपासनं टीव्हीवर हाये म्हणत्यात. काय करू?’’

जुलै २०२०मधला हा फोन. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या आमच्या बचत गटातल्या वहिनींचा. फोनला रेंज मिळावी म्हणून भर पावसात त्या खिंडीपर्यंत चढून आल्या होत्या. दोन वाक्यं झाली आणि फोन कट.

मैत्रिणींनो, ते दिवस आठवा. मार्चपासून शाळा बंद. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घरांचे पत्रे, कौलं उडाली, हिरड्याची झाडं मोडली. घरच उघडं पडल्यावर डिशकडे कोण बघतंय? शहरातली मुलं मोबाइलवर शिकत होती. इथे रेंज शोधायला डोंगर चढावा लागतो. मग जाहीर झालं, की २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागणार. वाडीत पाच घरी टीव्ही, पाचही घरी डीडी फ्री डिश. एकदा बॉक्स आणि ताटली घेतली की महिन्याचे पैसे नाहीत, म्हणून गरिबाघरी हीच असते. पण पाचातल्या चार ताटल्या वादळात हललेल्या.

वहिनींची मुलगी सातवीत गेली होती. वडील म्हणत होते, नाहीतरी शाळा नाही, तर हिला नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला नेऊ, चार पैसे येतील. त्यांचंही खोटं नव्हतं, घरावर पत्रे घालायचे होते. पण एकदा रोजाची सवय लागलेली मुलगी पुन्हा दप्तर उचलतेच असं नाही, हे मी आमच्या कामात बघितलेलं आहे. वहिनींना तेच भ्या होतं.

मी एका डिशवाल्याला फोन लावला. म्हणाला, ‘‘वर यायचे पाचशे, आणि तेही पाऊस उघडल्यावर.’’ पाऊस उघडल्यावर म्हणजे गणपतीनंतरच की!

आता खरं सांगते. मी बी. ए. झालेय ती मराठी घेऊन. आमच्या घरी रिमोट यजमानांच्या हातात आणि त्यातलं ‘मेनू’चं बटण चिरंजीवांच्या. ‘‘आई, तू हात लावू नकोस, सगळं जाईल,’’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई दाखवा मला. आणि गंमत म्हणजे मी नारायणगावची. लहानपणापासून आकाशाकडे तोंड करून बसलेल्या ताटल्या बघतच वाढले. आर्वीला १९७१पासून उपग्रह केंद्र, परदेशातले फोन आणि चित्रं उपग्रहामार्फत आणणारं देशातलं ते पहिलं केंद्र. खोडदला जीएमआरटीच्या प्रचंड दुर्बिणी. एकेक ताटली ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. निम्म्याअधिक तर आसपासच्या गावांमध्ये पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आपण मुलांना घेऊन बघायला जातो, वडापाव खातो आणि परत येतो. जगभरचे शास्त्रज्ञ आमच्या तालुक्यात येऊन आकाश ऐकतात आणि आम्हाला घरावरची दोन फुटांची ताटली नीट बसवता येत नाही! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मावसभाऊ चाकणला डिशचं काम करतो. त्याला म्हटलं, मला शिकव. आधी हसला. मग दोन संध्याकाळी फोनवर शिकवलं आणि मी माळ्यावरचा जुना बॉक्स काढून समोर ठेवला. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं.

पहिली गोष्ट दिशेची. उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागीच दिसतो. फ्री डिशचा तेव्हाचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५मध्ये सोडलेला. त्याची जागा ९३.५ अंश पूर्व, म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावातून बघितलं तर बरोब्बर आग्नेयेला. आग्नेय म्हटल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला. स्वयंपाकघराची दिशा! ती काय आपल्याला कोणी शिकवायला हवी?

दुसरी गोष्ट म्हणजे ताटलीसमोर दांड्यावर बसवलेला मुठीएवढा डबा. त्याला एलएनबी म्हणतात. ताटलीवर पडलेली लहर तो गोळा करतो आणि तिचा आकडा कमी करून वायरीतून बॉक्सकडे पाठवतो. तो किती कमी करतो, हे बॉक्सला सांगावं लागतं. मेनूमधल्या ‘डिश सेटिंग’ किंवा ‘अँटेना’ पानावर एलएनबीसमोर ९७५०-१०६०० असं निवडायचं ते यासाठी. उपग्रहावरून ११०९० आली, त्यातून ९७५० वजा केले, उरले १३४०. तेवढंच वायरीतून खाली येतं. वजाबाकी बघितल्यावर मला धीर आला. वजाबाकी तर येते आपल्याला.

तिसरी गोष्ट ‘टीपी’, म्हणजे ट्रान्सपॉन्डर. उपग्रह हा वाडा समजा, तर टीपी म्हणजे त्यातली एकेक खोली. प्रत्येक खोलीत बऱ्याच वाहिन्या राहतात. खोलीचा पत्ता तीन गोष्टींचा. फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट आणि लहर उभी की आडवी. उभीला व्ही, आडवीला एच. माझ्या वहीत तेव्हा लिहिलं होतं, ११०९०, २९५००, व्ही. हे आकडे कायमचे नसतात बरं का. डिसेंबर २००४मध्ये ३३ वाहिन्या घेऊन ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू झालं तेव्हाचे आकडे वेगळे होते आणि कितीतरी जुने बॉक्स तेच धरून बसलेले असतात. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर राखी पाठवल्यासारखं. म्हणून आज कोणी करायला घेतलंत तर आधी चालू आकडे विचारून घ्या, माझे उतरवू नका.

पुढच्या आठवड्यात गटातर्फे शिध्याची पाकिटं वाटायला वर जायचं होतं. पिशवीत दोन पाने, काळी चिकटपट्टी आणि ती वही टाकली. यजमान म्हणाले, ‘‘आता हेच राहिलं होतं.’’ मी मास्क लावला होता म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

वाडीत भाताची आवणी चाललेली. डोक्यावर इरली घेतलेल्या बायका बांधावरून बघायला आल्या. वहिनींची डिश ओट्याच्या कोपऱ्याला सिमेंटच्या गट्टूवर होती, त्यामुळे कौलावर चढायची वेळ आली नाही. मी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, तर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘ते कशाला? थंडीत सूर्य उगवतो त्येच्या जरा उजव्या अंगाला बघ.’’ अगदी बरोबर निघालं. शिवाय पाचवं घर होतंच. त्याची डिश वादळात हलली नव्हती. ती जिकडे बघते तिकडेच हिचंही तोंड पाहिजे. यापेक्षा सोपं होकायंत्र कुठलं?

उंचीचा मात्र घोटाळा होतो. आपल्याकडून उपग्रह जवळजवळ ५८ अंश वर आहे, म्हणून मी ताटली आभाळाकडे उताणी करायला निघाले होते. पण या छोट्या ताटल्यांची घडण अशी असते, की तोंड बरंच सरळ दिसलं तरी त्यांची नजर वर असते. मान थोडी वर केली की पुरे. समोर आंब्याची एक फांदी आडवी येत होती, ती सासूबाईंनी कोयत्याने उडवली.

मग आमची साखळी लागली. मुलगी टीव्हीपुढे, वहिनी दारात, मी डिशपाशी. मेनूत दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथची, एक क्वालिटीची. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय एवढंच. लांबच्या देवळातल्या कीर्तनाचा नुसता आवाज यावा तसं. क्वालिटी म्हणजे त्यातले शब्द कळायला लागले. आपल्याला वाढवायची असते ती क्वालिटी. मुलगी ओरडायची, ‘‘वरची साठ, खालची शून्य!’’ अर्धा तास शून्य. मी बोटभर फिरवायची, दोन-तीन सेकंद थांबायची, कारण बॉक्सला कळायला तेवढा वेळ लागतो, पुन्हा बोटभर. खांदे भरून आले. बांधावरच्या बायका एकेक करून निघून गेल्या. एका बाप्याने जाता जाता, ‘‘डिशवाला बोलवा की,’’ असं म्हणून घेतलं.

शेवटी वही उघडून पहिल्यापासून एकेक ओळ ताडून बघितली. एलएनबीसमोर आकडा होता ५१५०! तो मोठ्या जाळीच्या डिशसाठीचा असतो. कधीतरी पोरांच्या हातून बदललेला. चुकीचा आकडा वजा होत होता, मग मी डिश काशीला वळवली असती तरी काय उपयोग? ९७५०-१०६०० केलं, पुन्हा बाहेर आले, बोटभर डावीकडे.

‘‘बारा! ताई, बारा! चाळीस! थांबा थांबा, हलवू नका!’’

एलएनबी दांड्यातल्या दांड्यात किंचित पिळला, तर पासष्ट. तसाच धरून वहिनींनी नट आवळले. ताटली हातात धरायची आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळायचं, नाहीतर आवळतानाच ती सरकते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

पण गोष्ट इथे संपली नाही. ‘सर्च’ दाबलं, वाहिन्या आल्या, भजनाची आली, सिनेमाची आली, सह्याद्री नाहीच. मुलीचा चेहरा बघवेना. तिने मघापासून काही विचारलं नव्हतं, आता म्हणाली, ‘‘ताई, हे नेटवर्क सर्चपुढं ‘नो’ हाये, ते काय?’’ मला मावसभावाचे शब्द आठवले. एका खोलीत शिरल्यावर तिथे वाड्यातल्या बाकीच्या खोल्यांची यादीही मिळते. नेटवर्क सर्च ‘नो’ असेल तर बॉक्स त्या एकाच खोलीत बघून परत येतो. ‘येस’ असेल तर यादी वाचतो आणि बाकीची दारंही ठोठावतो. तिला म्हटलं, तूच कर. तिने ‘येस’ केलं. टक्के सरकायला लागले आणि वीज गेली.

वीज आली दोन तासांनी. तोवर चहा झाला, आणि मी बॉक्स बंद आहे तोच वायरीचं टोक बघून घेतलं. बॉक्स चालू असताना त्या वायरीतून एलएनबीला वीज जात असते, तेव्हा टोकाला हात लावायचा नाही. आतली तांब्याची तार हिरवट पडली होती. ती कापून नवं टोक केलं, वर काळी पट्टी गुंडाळली, आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, आत येत नाही. मग पुन्हा शोध. यावेळी सह्याद्री आली. ‘सेव्ह’ विचारलं तर ‘येस’ म्हणायचं, हे मात्र मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

बाकीच्या तीन डिश वहिनींनी आणि तिने पुढच्या दोन दिवसांत लावल्या. मी नव्हते.

टीव्ही म्हणजे शाळा नव्हे, हे मला पटतं. त्याला प्रश्न विचारता येत नाही. मुसळधार पावसात चित्र थिजतं, कारण पाण्याने भरलेले ढग ही लहर अडवतात, आणि त्याला कितीही पाने फिरवले तरी इलाज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आहुप्याच्या त्या पट्ट्यात मुसळधार म्हणजे रोजचंच. पाच टीव्ही, वीसेक मुलं, अंतर राखून बसायचं ते वेगळंच. कितीतरी भाग हुकले. पण सकाळी तिचा वर्ग आहे, असं वहिनींना आता नवऱ्याला सांगता येत होतं. ‘‘दुपारनं येईल ती, सकाळचं नाय,’’ एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी ती घरच्याच शेतात जायची. नारायणगावला नाही गेली. शाळा उघडल्या तेव्हा दप्तर घेऊन गेली आणि पुढे घोडेगावला शिकायला राहिली.

मध्ये त्या घरी गेले होते. दाराच्या मागच्या बाजूला, कॅलेंडरच्या खाली, तिने तेव्हा खडूने लिहिलेले आकडे अजून आहेत. आग्नेय. ९७५०-१०६००. ११०९०, २९५००, व्ही. नेटवर्क येस. सेव्ह येस. टीपीच्या आकड्यांच्या खाली कोळशाने आणखी दोन ओळी वाढलेल्या दिसल्या, अक्षर जरा वाकडं. विचारलं तर वहिनी पदर सावरत म्हणाल्या, ‘‘ते माझंय. खालच्या वाडीत गेलते ना परवा, त्यांची लावायला.’’