अ‍ॅडेनोसिन : मेंदूचा पहारेकरी

पवित्र गुरुवारच्या रात्री आराधनेस बसलेल्यांचे डोळे मिटू लागले की त्यांच्या भक्तीविषयी शंका घेतली जाते. आम्हांस हा दोषारोप अन्यायाचा वाटतो. मेंदूच्या पेशी दिवसभर एटीपी हे ऊर्जाद्रव्य खर्च करतात. त्यातून अ‍ॅडेनोसिन साचत जाते आणि पेशींवरील ए-१ ग्राहकांना चिकटून त्यांचे कार्य मंद करते. हीच झोपेची ओढ. चहा-कॉफीतील कॅफिन ते ग्राहक केवळ अडवून धरते. साचलेले अ‍ॅडेनोसिन तसेच राहते. चहाच्या भरवशावर पहाटे मोटारसायकलने घरी परतणे म्हणूनच धोक्याचे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असता हेच द्रव्य झपाट्याने वाढते व ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याचा घातक स्राव रोखू पाहते. मात्र हे संरक्षण तोकडे असते. अर्धांगवायूची लक्षणे दिसताच, झोपून बरे वाटेल अशा आशेवर न राहता, रुग्णास तत्काळ इस्पितळात न्यावे.