एका शून्याचा एक

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत माझ्या मित्राचं छोटं ऑफिस आहे. तिथे नेटवर्क सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून आखातात गेला आणि सिस्कोच्या राऊटरचा पासवर्ड डोक्यात घेऊन गेला. इंटरनेट चालू होतं, पण सोमवारी नवी लाइन जोडायची होती आणि राऊटर कुणाला आत घेईना. रविवारी दुपारी एक तरुण इंजिनिअर आला. मला वाटलं, सिनेमातल्यासारखे हिरवे आकडे धावणार आणि पासवर्ड फुटणार.

"काका, पासवर्ड शोधायचाच नसतो," तो म्हणाला. "राऊटरला तो विसरायला लावायचा."

शोधून सापडलाही नसता. नीट बसवलेल्या राऊटरमध्ये पासवर्ड लिहिलेलाच नसतो. असतो तो त्याचा हॅश, म्हणजे गणिताच्या चक्कीतून काढलेलं पीठ. आपण टाइप केलेला शब्द त्याच चक्कीतून काढायचा आणि दोन्ही पिठं जुळतात का बघायचं, एवढंच राऊटर करतो. पिठावरून दाणा परत करता येत नाही. थोडक्यात, पासवर्ड खुद्द राऊटरलाही ठाऊक नसतो!

त्याने सॅकमधून फिकट निळी, चपटी केबल काढली, एक टोक लॅपटॉपला आणि दुसरं राऊटरच्या 'कन्सोल' लिहिलेल्या खाचेत लावलं. मग राऊटरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. सुरू होताना साधारण पहिल्या मिनिटाच्या आत 'ब्रेक' हा इशारा पाठवला, तर राऊटर पूर्ण जागा न होता अर्धवट झोपेत थांबतो. ब्रेकची कळ आजच्या बहुतेक लॅपटॉपवर नसते. ती प्रोग्रॅमच्या मेनूतून शोधावी लागते. पहिल्या खेपेला वेळ चुकली. दुसऱ्यांदा पडद्यावर 'रॉममॉन' असा शब्द उमटला.

या अवस्थेत राऊटरला एक आकडा बदलून देता येतो. नेहमीचा आकडा २१०२, त्याने टाइप केला २१४२. हे आकडे हेक्साडेसिमल पद्धतीचे. शून्य-एकच्या भाषेत पहिला असा दिसतो: ००१० ०००१ ०००० ००१०. आणि दुसरा: ००१० ०००१ ०१०० ००१०. सोळा जागांपैकी एका जागी शून्याचा एक झाला. त्या एकाचा अर्थ, 'उठताना जुनी वही उघडू नकोस.'

राऊटरची ही वही, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज आणि पासवर्डचा हॅश, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असते. उठताना राऊटर ती वाचून कामाच्या स्मृतीत उतरवतो. या वेळी त्याने ती वाचलीच नाही. कोऱ्या पाटीने उठला, पासवर्ड न विचारता त्याने पोराला थेट मालकाच्या खुर्चीत बसवलं.

खरी गंमत पुढे आहे. आत बसल्यावर इंजिनिअरने जुनी वही कामाच्या स्मृतीत उतरवून घेतली. सगळं परत आलं, पासवर्डसकट. पण सोसायटीचा वॉचमन फाटकातून येणाऱ्याला हटकतो. आधीच आत बसलेल्याला कोण विचारतं? त्याने नवा पासवर्ड घातला, बंद राहिलेले पोर्ट एकेक करून चालू केले, आकडा पुन्हा २१०२ केला आणि सगळं सेव्ह केलं. वही उतरवण्याचा हुकूम तेवढा त्याने दोनदा वाचला. दिशा उलटी झाली असती तर कोरी पाटीच वहीवर उमटली असती आणि जुन्या सेटिंग्ज गेल्या असत्या.

घरच्या वायफाय राऊटरवर एवढा नाजूकपणा नसतो. टाचणीने रीसेटचं भोक दाबून धरलं की सगळंच पुसलं जातं. मग अनेक ठिकाणी केबलवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड मागून घ्यावा लागतो. ते आधीच लिहून ठेवा.

सिस्कोच्या राऊटरची ही मागची वाट बंदही करता येते. सॅन फ्रान्सिस्को महापालिकेत नेटवर्क सांभाळणाऱ्या टेरी चाइल्ड्स यांनी तसं केलं होतं, आणि काही यंत्रांची वही टिकाऊ स्मृतीत ठेवलीच नव्हती. वीज गेली की सगळं साफ. २००८ साली त्यांनी पासवर्ड द्यायला नकार दिला. अटक झाली, तरी शहराचं नेटवर्क चालतच होतं, फक्त ते कुणाच्या हातात नव्हतं. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा चाइल्ड्स यांनी पासवर्ड सांगितले. २०१० मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

मित्राच्या राऊटरवर ती वाट उघडी होती. मग कुणीही येऊन हेच करू शकेल की, असं मी विचारलं. "करू शकेल," इंजिनिअर केबल गुंडाळत म्हणाला. "फक्त पेटीला हात लागला पाहिजे." ती पेटी ज्या कपाटात होती, त्याची किल्ली कपाटालाच लटकत होती.