पेशीच्या पटलात कार्बनची नळी



परासरण शिकवताना आपण मनुके पाण्यात टाकून दाखवतो. ते फुगतात, पाणी आत गेलं हे मुलांना पटतं. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "सर, पाणी जातं तर मीठ का जात नाही?" पुस्तकात उत्तर आहे, 'निवडक्षम पारपटल'. पण हे तर नुसतं नाव झालं. कारण काय, ते आज बघू.

पेशीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर. जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. तेलातून पाणी सहज जात नाही, तसंच इथंही. थोडं झिरपतं, पण तेवढ्यावर भागत नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी परत ओढून घ्यावं लागतं. त्यासाठी पटलात प्रथिनांच्या खास नळ्या असतात, अ‍ॅक्वापोरिन. हे पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा एका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू एकामागे एक रांगेत जातात.

मग मीठ? सोडियमचा आयन स्वतः लहानच, पण तो पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. अरुंद नळीत शिरायचं तर हा वेढा सोडावा लागतो, आणि त्याला बरीच ऊर्जा लागते. म्हणून तो बाहेरच राहतो.

अशी नळी माणसाला बनवता येईल का? इथं कार्बन नॅनोट्यूब येते. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी गुंडाळून नळी केली, तर तिचा आकार लगेच कळतो. २००१ मध्ये संगणकावरच्या अभ्यासात दिसलं, की कार्बनला पाण्याची ओढ नसूनही पाणी या नळीत शिरतं आणि रांगेनं सटकन निघून जातं. आतली भिंत गुळगुळीत, पाण्याला धरून ठेवणारं काही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर नॉय यांच्या गटानं सुमारे १० नॅनोमीटर लांबीचे तुकडे कृत्रिम पटलात आणि जिवंत पेशीच्या पटलातही बसवले. २०१७ मध्ये ०.८ नॅनोमीटर व्यासाच्या नळीनं पाणी नेण्यात अ‍ॅक्वापोरिनलाही मागं टाकलं.

यात आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये देवघरातल्या कापरापासून फुलरीन हे कार्बनचं रूप मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे कापरापासून नॅनोट्यूबही बनल्या. मात्र त्याला भट्टीचं तापमान, उत्प्रेरक आणि हवाबंद नळी लागते. घरी कापूर जाळला तर काजळीच मिळते, हे मुलांना आधीच सांगा.

परभणीकडं बोअरचं खारं पाणी आणि जारचं विकत पाणी मुलांच्या ओळखीचं आहे. आरओमध्ये बहुतेक पॉलिअमाइडचं पटल असतं, त्यातून पाणी ढकलायला मोटारीचा दाब लागतो. पाणी सहज सोडणारं आणि मीठ अडवणारं पटल मिळालं, तर कमी दाबात काम होईल, ही आशा आहे. पण हे काम अजून प्रयोगशाळेतलं. शिवाय लांब, ताठ नॅनोट्यूबमुळे उंदरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉससारखे परिणाम झाल्याचं २००८ मध्ये दिसलं. म्हणून पालकहो, 'नॅनो' लिहिलेला फिल्टर कुणी दारात आणला, तर आधी पाण्याची तपासणी करा आणि तो नेमकं काय अडवतो ते विचारा.

वर्गात हा खेळ घ्या. एक मूल 'सोडियम', चौघं त्याला हात धरून वेढणारं 'पाणी'. दाराचं एकच झापड उघडा. सुटी मुलं रांगेनं जातील, वेढलेलं मूल अडकेल. मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. 'निवडक्षम' शब्दाचा अर्थ मुलंच सांगतील.